पायाचें वाद्य आणि पायाखालचीं यंत्रें

पाश्चात्त्य पद्धतीच्या आधुनिक जलशाला गेलेल्या प्रेक्षकाची दृष्टि प्रथम गायकाकडे जाते, मग गिटारवाल्याच्या बोटांकडे, आणि शेवटीं ढोल-झांजांच्या पसाऱ्यामागें बसलेल्या वादकाकडे. वादकांच्या पायांकडे पाहण्याचें सहसा कोणाला सुचत नाहीं. परंतु जो थोडा पुढें वांकून पाहील, त्याला गिटारवाल्याच्या पायांशीं लहान लहान धातूच्या डब्यांची एक रांगच दिसेल. प्रत्येक डब्यावर पायानें दाबावयाची एक कळ आणि बोटांनीं फिरवावयाच्या दोनचार खुंट्या. या डब्यांना पेडल असें म्हणतात. वाद्यांतून निघालेला विजेचा सूक्ष्म प्रवाह ध्वनिवर्धकाकडे जातांना वाटेंत या पेडलांतून जातो. कळ दाबली कीं स्वच्छ स्वर खरखरीत होतो, सरळ स्वर हेलकावे घेऊं लागतो, एका स्वराचे प्रतिध्वनि दहा वेळां उमटतात. आमच्या संगीत नाटकांच्या श्रोत्यांना पायपेटी ठाऊक आहे. पण तेथें पाय भात्याला वारा देतात, स्वराचा रंग पालटीत नाहींत. येथें पायांकडे नेमकें तेंच काम आलें आहे.

गिटारवाला हीं यंत्रें वापरतो याचें आतां कोणालाच नवल वाटत नाहीं. वाद निघतो तो त्याच्या शेजारीं, बहुधा एक पाऊल मागें उभ्या असलेल्या, चार जाड तारांचें वाद्य वाजविणाऱ्या बेसवादकाविषयीं. प्रत्यक्ष जलशांत बेसवादक पेडलें वापरतात काय, आणि त्यांनीं तीं वापरावींत काय? एक पक्ष म्हणतो कीं, बेस हा वाद्यवृंदाचा पाया होय. पायाच्या दगडांना रंगरंगोटी कशाला हवी? दुसरा पक्ष म्हणतो कीं, पाया घालणारा कारागीर तरी अखेर कलावंतच. त्याला स्वतःचा रंग नसावा हें कोठलें शास्त्र? दोन्ही पक्षांचीं साक्षीदार माणसें मोठीं आहेत. तेव्हां केवळ आवडीनिवडीवर निकाल न देतां या वाद्याचा आणि या यंत्रांचा इतिहासच पाहणें बरें.

विजेची बेस गिटार हें वाद्य वयानें लहान आहे. तिच्यापूर्वीं खर्जाचें काम पुरुषभर उंचीचें डबल बेस हें वाद्य करीत असे. तें उभें राहून, कधीं गजानें व नाचाच्या संगीतांत बहुधा बोटांनीं वाजवावयाचें. तें अवजड तर होतेंच. शिवाय कर्णे आणि ढोल यांच्या गजबजाटांत त्याचा आवाज बुडून जाई. १९३६ च्या सुमारास अमेरिकेंतील सिएटल येथील पॉल टटमार्क यानें गळ्यांत अडकवून वाजविण्याजोगी विजेची बेस तयार केली होती. परंतु तिचा प्रसार झाला नाहीं. प्रसार झाला तो कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथील लिओ फेंडर याच्या वाद्याचा. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. पण वादकांच्या तक्रारी ऐकण्याचा कान त्याला होता. १९५१ सालीं त्यानें जी बेस बाजारांत आणली तिला प्रिसिजन, म्हणजे अचूक, असें नांव दिलें; कारण डबल बेसच्या गुळगुळीत पट्टीवर स्वराची जागा वादकाला अंदाजानें साधावी लागे, आणि या नव्या वाद्यावर गिटारप्रमाणें पडदे बसविलेले होते. बोट पडद्यामागें पडलें कीं स्वर बिनचूक. लायनेल हॅम्प्टन याच्या जाझ ताफ्यांतील मंक मॉन्टगोमेरी यानें त्या दशकाच्या आरंभींच हें वाद्य गांवोगांव नेलें.

या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारें ४१ कंपनें करते. साध्या गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचीं कंपनें याच्या दुप्पट, म्हणजे सुमारें ८२ असतात. याचा अर्थ बेस ही गिटारच्या एक सप्तक खालीं बोलते. इतका खोल स्वर मोठ्यानें ऐकवावयाचा तर हवेचा मोठा साठा हलवावा लागतो, आणि त्याला शक्ति फार लागते. म्हणून १९६९ सालीं अँपेग कंपनीनें ३०० वॉटचा ध्वनिवर्धक काढला आणि त्याला दहा दहा इंची आठ कर्ण्यांची, कपाटाएवढी पेटी जोडली. बेसवादकाची पहिली गरज ही अशी होती: आवाज पोहोंचावा. आवाजाला नटवावें ही गोष्ट पुढची.

आणि तरीहि नवलाची गोष्ट अशी कीं, आज ज्याला गिटारचें पेडल म्हणतात त्याचा जन्म खर्जाच्या तारेवरच झाला. अमेरिकेंतील नॅशव्हिल या शहरीं मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गीताचें ध्वनिमुद्रण चाललें होतें. ग्रेडी मार्टिन हा वादक सहा तारांची बेस वाजवीत होता. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांतील एक भाग बिघडला आणि बेसचा आवाज मधमाशांच्या पोळ्यासारखा घुमघुमणारा, फाटलेला असा येऊं लागला. एरवीं असा तुकडा टाकून देऊन पुन्हां वाजवावयाचा. पण तो बिघाड ऐकण्यास मोठा विलक्षण वाटला म्हणून तसाच राहूं दिला गेला. १९६१ च्या आरंभीं ती ध्वनिमुद्रिका बाहेर पडली आणि लोकांना फार आवडली. लगेच इतर वादक तसाच आवाज मागूं लागले; परंतु बिघडलेला भाग कांहीं दिवसांनीं पुरताच निकामी झाला. तेव्हां ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यानें एका सहकाऱ्याच्या मदतीनें ट्रॅन्झिस्टरांची लहानशी जुळणी करून तो बिघाड हुकमी केला. ती रचना गिब्सन कंपनीनें घेतली व १९६२ सालीं मेस्ट्रो फझ-टोन या नांवानें पायानें दाबावयाची डबी विक्रीस आणली. गिटारबरोबरच बेसवादकांनींहि ती घ्यावी अशी कंपनीची अपेक्षा होती. इतकेंच नव्हे तर त्याच सुमारास तिनें अशीच रचना पोटांत बसविलेली एक बेस गिटारहि काढली. ग्राहक मात्र फिरकले नाहींत.

हा फझ म्हणजे नेमकें काय, हें समजल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाहीं. तारेच्या कंपनापासून विजेची जी लहर तयार होते ती डोंगरांच्या रांगेसारखी चढ-उताराची असते. ती लहर बेसुमार वाढविली आणि यंत्राची शक्ति अपुरी पडली, कीं डोंगरांचीं शिखरें तासल्यासारखीं सपाट होतात. अशा तासलेल्या लहरींत मूळ स्वराखेरीज त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वयंभू स्वर मोठ्या प्रमाणांत उत्पन्न होतात. कानाला जी खरखर वाटते ती या स्वयंभू स्वरांची गर्दी होय.

स्वयंभू स्वरांची ही करामत आपल्या श्रोत्यांना अगदींच परकी नाहीं. मिरजेच्या कारागिरांनीं घडविलेला तंबोरा चांगला लागला आहे कीं नाहीं हें गवई जवारीवरून ओळखतो. घोडीच्या रुंद, किंचित् गोलसर पाठीवर तारेखालीं दोरा सरकवीत सरकवीत अशी एक जागा येते, कीं तेथें तार नुसती वाजत नाहीं, झंकारते. आणि खर्जाच्या तारेंतून न छेडलेला गंधारहि ऐकूं येतो. सी. व्ही. रामन यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा यांचा अभ्यास करून दाखवून दिलें कीं, तार छेडण्याच्या जागेमुळें जे स्वयंभू स्वर उमटूं नयेत असें पाश्चात्त्यांचें शास्त्र सांगतें, तेहि या वाद्यांत घोडीच्या विशिष्ट रचनेमुळें उमटतात. जवारी तारेच्या कंपनांत असते आणि फझ विजेच्या प्रवाहांत, हा भेद मोठा आहे. जवारीनें नाद मोकळा होतो, फझनें तो दांडगा होतो, हाहि भेद आहेच. पण साध्या तारेंतून स्वयंभू स्वरांचें रान उठवावयाचें, हा हेतु दोहोंकडे सारखाच दिसतो.

यांत आणखी एक गंमत आहे. घरगुती रेडिओच्या लहानशा कर्ण्याला ४१ कंपनांचा स्वर काढतांच येत नाहीं. तरीहि श्रोत्याला बेस ऐकूं येते, याचें कारण असें कीं, त्या स्वराचे वरचे स्वयंभू स्वर कानाशीं पोहोंचतात आणि त्यांच्यावरून मूळ स्वराची भरपाई मनुष्याचें श्रवणेंद्रिय स्वतः करून घेतें. म्हणजे खर्जाच्या वाद्याला थोडी खरखर असणें हें नेहमींच दूषण नसतें. कित्येकदां त्या खरखरीमुळेंच तें गर्दींत ओळखूं येतें.

१९६५ सालीं फझचें दैव उघडलें, पण तें गिटारवाल्यांच्या हातीं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यांत रोलिंग स्टोन्स या इंग्रजी ताफ्याचें 'सॅटिस्फॅक्शन' हें गीत निघालें. त्याच्या तोंडाशीं कीथ रिचर्ड्स यानें मेस्ट्रोची डबी दाबून वाजविलेली सुरावट जगभर पोहोंचली आणि पडून राहिलेल्या डब्या हां हां म्हणतां खपल्या. बेसनें जन्म दिलेलें मूल गिटारला दत्तक गेलें तें असें.

त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबरला लंडनमध्यें बीटल्स ताफ्यानें 'थिंक फॉर युवरसेल्फ' हें जॉर्ज हॅरिसन याचें गीत मुद्रित केलें. त्यांत पॉल मॅकार्टनी यानें फझ लावून बेस वाजविली. पण बारकाईनें ऐकणाऱ्याच्या ध्यानांत येईल कीं, त्या ध्वनिमुद्रिकेंत बेस एक नाहीं, दोन आहेत. एक नेहमींची, स्वच्छ, खालीं आधार देणारी. दुसरी फझची, वर गुरगुरत जाणारी. ध्वनिमुद्रणगृहांत हें सहज साधतें. एकदां पाया भरून घ्यावा, फीत मागें फिरवावी, आणि मग त्यावर नक्षी काढावी. परंतु रंगमंचावर बेसवादक एक, त्याचे हात दोन, आणि वेळ हीच. फीत मागें फिरविण्याची सोय तेथें नाहीं. बीटल्सनीं हें गीत जलशांत कधींच वाजविलें नाहीं, आणि १९६६ च्या ऑगस्टनंतर तर त्यांनीं जलशांचे दौरेच बंद केले. बेसवादकानें प्रत्यक्ष जलशांत पेडल वापरावें कीं नाहीं, या प्रश्नाचें सगळें मर्म या एका प्रसंगांत सांठलेलें आहे. घरांत बसून दोन बेस वाजवितां येतात. रंगमंचावर एकीनेंच दोघींचें काम कसें करावें?

गिटारवाल्याच्या मार्गांत ही अडचण नाहीं. त्यानें फझ दाबला आणि त्याचा खालचा आवाज पातळ झाला, तरी खालीं बेस उभी असते. बेसवादकानें तीच डबी दाबली तर खालीं कोणीच उरत नाहीं. गिटारसाठीं रचलेल्या डब्यांत खालच्या कंपनांची वाट मुळांतच अरुंद ठेवलेली असते. शिवाय तासलेल्या लहरींत वरच्या स्वयंभू स्वरांचा गलबला वाढून मूळ स्वराचा वांटा घटतो. जो आवाज एकट्यानें ऐकतांना राक्षसी वाटतो, तोच ताफा सुरू होतांच गिटारच्या आवाजांत मिसळून नाहींसा होतो, आणि नाचणाऱ्यांच्या पायांखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. प्रतिध्वनीच्या यंत्राचा दोष याच्या उलट: खोल स्वर आधींच मोठ्या दालनांत घुमत राहतात, त्यांत प्रतिध्वनि मिसळले कीं एक स्वर दुसऱ्यावर सांडतो आणि ताल गढूळ होतो.

म्हणूनच पेडल नको म्हणणाऱ्या पक्षाची बाजू दुबळी नाहीं. त्याचा मोठा साक्षीदार म्हणजे डेट्रॉइट येथील मोटाउन संस्थेचा बेसवादक जेम्स जेमर्सन. १९६० नंतरच्या दशकांतील त्या संस्थेच्या असंख्य गीतांखालीं याची प्रिसिजन बेस आहे. सपाट गुंडाळीच्या जाड तारा, त्याहि तुटल्याशिवाय न बदलावयाच्या. उजव्या हाताची फक्त तर्जनी. आणि पेडल एकहि नाहीं. त्याच्या स्वराचा सारा रंग बोटाच्या टोकांत आणि दोन स्वरांमधील विसाव्यांत होता. ज्याला बोटानें इतकें बोलतां येतें त्यानें पायाची मदत कशाला घ्यावी, असें या पक्षाचें म्हणणें. मात्र पेडल नाहीं म्हणजे आवाज स्वच्छच, असेंहि समजूं नये. मोटरहेड या ताफ्याचा लेमी हा १९७५ पासून पुढें चाळीस वर्षें आपले ध्वनिवर्धकच इतके ताणून वाजवी कीं, त्याची बेस करवतीसारखी कापीत जाई. खरखर हवी असणें आणि डबी हवी असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तरीहि कांहीं वादकांनीं जलशांत पेडल वापरलें आणि तें शोभूनहि दिसलें. तें कोठें शोभलें हें पाहिलें म्हणजे एक सूत्र हातीं लागतें. पायानें खालीं-वर झुलवावयाचें व स्वराला माणसाच्या वा-वा अशा उच्चाराचें वळण देणारें पेडल १९६६-६७ च्या सुमारास निघालें. तें ब्लॅक सॅबथ या इंग्रजी ताफ्याच्या गीझर बटलर यानें १९७० च्या त्यांच्या पहिल्याच तबकडींत बेसला लावलें, पण केव्हां? 'एन. आय. बी.' हें गीत सुरू होण्यापूर्वीं, बेस एकटीच बोलत असतांना. मेटॅलिका ताफ्याचा क्लिफ बर्टन यानें १९८३ च्या तबकडींत फझ व हेंच झुलतें पेडल यांच्या जोडीनें बेसचें एक स्वतंत्र वादन मुद्रित केलें आणि जलशांतूनहि तो अशीं वादनें करी. १९८६ सालीं स्वीडनमध्यें अपघातांत त्याला मृत्यु आला तेव्हां तो अवघा चोवीस वर्षांचा होता. त्या मुद्रित वादनांतहि गिटारी गप्प आहेत. साथीला आहे तो केवळ ढोल. म्हणजे पाया वाहण्याची जबाबदारी जेव्हां क्षणभर उतरते, तेव्हां बेसला नटण्याची मोकळीक मिळते.

दुसरी तऱ्हा अशी कीं, पाया दुसऱ्या कोणीतरी वाहावा. १९७२ सालीं म्यू-ट्रॉन नांवाचें यंत्र निघालें. त्यांत पाय झुलविण्याचेंहि कारण नाहीं. तार जोरानें छेडली तर स्वराचें तोंड जास्त उघडतें, हळू छेडली तर कमी. सारें नियंत्रण पुन्हां बोटाकडे आलेलें. हें यंत्र बूट्सी कॉलिन्स यानें जगाला ऐकविलें. १९७० सालीं हा पोरसवदा वादक जेम्स ब्राउन याच्या कडक शिस्तीच्या ताफ्यांत होता. तेथें पहिल्या मात्रेवर नेमका आघात करणें हा धर्म होता. पुढें जॉर्ज क्लिंटन याच्या पार्लमेंट-फंकाडेलिक या विस्तृत गोतावळ्यांत आणि १९७६ पासून स्वतःच्या ताफ्यांत त्यानें तारकेच्या आकाराची बेस घेऊन, म्यू-ट्रॉनमधून ओला, रबरासारखा ताणला जाणारा स्वर काढला. पण त्या गोतावळ्यांत खर्जाचा भार एकट्या बेस गिटारवर नव्हता. बर्नी वॉरेल हा वादक विद्युत्पेटीवर खालचे स्वर असे वाजवी कीं, 'फ्लॅशलाइट' या त्यांच्या अतिप्रसिद्ध गीतांत बेसचें संपूर्ण काम त्याच्याच हातानें झालेलें आहे. आणि तरीहि बूट्सीनें पहिल्या मात्रेचा जुना धर्म सोडला नाहीं. स्वर कितीहि लवचिक झाला तरी सम चुकली नाहीं.

तिसरी तऱ्हा सर्वांत धाडसाची. जॅको पास्टोरियस हा १९७६ सालीं वेदर रिपोर्ट या जाझ ताफ्यांत आला. त्याची बेस पडदे काढून टाकलेली होती, त्यामुळें सरोदाप्रमाणें मींड घेतां येई. १९७९ च्या '८:३०' या तबकडींत त्याचें जलशांतील एकट्याचें वादन 'स्लँग' या नांवानें मुद्रित झालें आहे. त्यांत त्यानें प्रतिध्वनीच्या यंत्राचा असा उपयोग केला आहे कीं, प्रथम एक लहानशी लयबद्ध सुरावट वाजवावी, यंत्राला ती पकडून पुन्हां पुन्हां म्हणावयास लावावी, आणि मग तिच्यावर स्वतःचें मुक्त वादन करावें. बीटल्सनीं ध्वनिमुद्रणगृहांत फीत मागें फिरवून जें साधलें, तें यानें शेंकडों श्रोत्यांच्या समोर, त्याच क्षणीं साधलें. यंत्र येथें नटवण्यासाठीं आलें नव्हतें. यंत्र स्वतःच पाया झालें होतें. ज्या यंत्रानें बेसचा ताल गढूळ होतो म्हणून भीति बाळगावी, त्याच यंत्रानें ताल धरून ठेवावा, ही त्या वादकाच्या बुद्धीची कमाल होय.

या तीन वाटा असामान्य वादकांच्या झाल्या. चार माणसांच्या साध्या ताफ्यांत, गीत ऐन रंगांत असतांना, सामान्य बेसवादकानें काय करावें? याचें उत्तर वादकांनीं नव्हे, जुळाऱ्यांनीं दिलें. आणि तें उत्तर इतकें सोपें आहे कीं एवढीं वर्षें तें सर्वत्र कां झालें नाहीं याचें नवल वाटावें. वाद्यांतून आलेला प्रवाह दोन वाटांनीं न्यावयाचा. एक वाट पेडलांतून जावी आणि तिनें खुशाल खरखरावें, हेलकावावें. दुसरी वाट जशीच्या तशी स्वच्छ राहावी. आणि शेवटीं दोन्ही एकत्र मिळवून ध्वनिवर्धकाकडे पाठवाव्या. पाया स्वच्छ वाटेनें येतो, रंग दुसऱ्या वाटेनें. जपानच्या बॉस कंपनीनें १९९४ सालीं खास बेससाठीं फझच्या जातीचें जें पेडल काढलें, त्यांत स्वच्छ आणि खरखरीत आवाजाचें प्रमाण ठरविण्याची स्वतंत्र खुंटीच आहे. त्याच कंपनीच्या १९८२ च्या पेडलांत वाजलेल्या स्वराखालीं एक व दोन सप्तकें खालचे स्वर मिळविण्याची सोय होती. तेथेंहि मूळ स्वराला निराळी खुंटी होती. बेसच्या पेडलाची खरी खूण कोणती असें कोणी विचारलें, तर ती हीच खुंटी होय. ती जेथें नाहीं तेथें वादक ध्वनिवर्धक दोन ठेवतात आणि एक स्वच्छ राखतात.

ही अडचण सुटतांच प्रश्नाचें तोंड फिरलें. इंग्लंडमधील म्यूज या ताफ्यांत वादक तिघेच. गिटारवाला वरच्या स्वरांत भटकावयास गेला कीं मागें पोकळी पडूं नये म्हणून बेसवादक ख्रिस वोल्स्टनहोम जाड, खरखरीत स्वरानें ती भरून काढतो. रॉयल ब्लड या ताफ्यानें तर गिटारवाल्यालाच रजा दिली. २०१४ सालीं त्यांची पहिली तबकडी इंग्लंडांत खपाच्या यादींत अग्रस्थानीं गेली, तेव्हां पुष्कळांना कळेना कीं यांत गिटार कोण वाजवितो. कोणीच नाहीं. माइक कर हा एकटा बेस वाजवितो आणि गातो, दुसरा ढोल वाजवितो. बेसचा प्रवाह फांकवून एक भाग वरच्या सप्तकांत चढवून गिटारच्या ध्वनिवर्धकाकडे व दुसरा बेसच्या ध्वनिवर्धकाकडे पाठविला म्हणजे एका वाद्याचीं दोन होतात. तेथें पेडल काढून घेतलें तर निम्मा ताफाच उठून जाईल. पेडल वापरावें काय, हा प्रश्न तेथें विचारण्यासारखाच उरत नाहीं.

हीं सारीं उदाहरणें नांवाजलेल्यांचीं झालीं. लग्नसमारंभांत, क्लबांत, लहान दालनांत रोज वाजविणाऱ्या बेसवादकांच्या पायांशीं काय असतें? बहुधा अगदीं थोडें, आणि जें असतें तें श्रोत्यांना ऐकूं न येणारें. एक असतें स्वर जुळविण्याचें पेडल. तें दाबलें कीं वाद्य मुकें होतें आणि दोन गीतांच्या मधल्या वेळांत, लोकांचे कान न किटवितां, डोळ्यांनीं पाहून तारा लावतां येतात. दुसरें असतें आवाजाची चढ-उतार आवरणारें; एखादा स्वर जोरानें पडला तर तें त्याला दाबतें व हलका पडला तर सांवरतें, त्यामुळें पाया समपातळीवर राहतो. तिसरें असतें बेसचा प्रवाह मोठ्या दालनाच्या मिश्रणयंत्राकडे थेट पाठविण्याचें. कारण मोठ्या जलशांत प्रेक्षक जें ऐकतात तें वादकामागील पेटींतून नव्हे, तर दोन बाजूंच्या मोठ्या कर्ण्यांतून. मजेची गोष्ट ही कीं, 'पेडलांना आमच्या येथें थारा नाहीं' असें अभिमानानें सांगणाऱ्या वादकाच्या पायांशीं सुद्धां यांतली एक तरी डबी पुष्कळदां असते. तो तिला पेडल म्हणत नाहीं, एवढेंच.

आणि तो जी भीति बाळगतो तीहि पोकळ नसते. डब्या वाढल्या कीं तारा वाढतात, जोड वाढतात, बॅटऱ्या वाढतात. आणि साखळींतील एक कडी निखळली कीं सगळा आवाज बंद. गिटार मध्येंच थांबली तर लोक तिच्याकडे वळून पाहतात. बेस थांबली तर लोक वळून पाहत नाहींत, ते नाचावयाचे थांबतात; आणि आपण कां थांबलों हें त्यांचें त्यांनाच पुष्कळदां सांगतां येत नाहीं. ज्याचें असणें कोणाच्या लक्षांत येत नाहीं, पण नसणें सर्वांना जाणवतें, अशा जागीं उभ्या असलेल्या माणसानें पाय टाकतांना दोनदां विचार करावा हें योग्यच होय.

तेव्हां बेसवादक जलशांत पेडलें वापरतात काय, या प्रश्नाचें इतिहासानें दिलेलें उत्तर असें: वापरतात, आणि पुष्कळजण वापरतात, परंतु गिटारवाला तीं वापरतो त्या कारणासाठीं नव्हे. गिटारवाला पेडल दाबतो तेव्हां माझा आवाज कसा येईल एवढेंच त्याला पाहावयाचें असतें. बेसवादकाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते: माझ्यावर जे उभे आहेत त्यांचें काय होईल? बटलरनें आणि बर्टननें कोणी वर उभे नसतांना पेडल दाबलें. बूट्सीच्या शेजारीं भार वाहणारा दुसरा होता. जॅकोनें यंत्रालाच भार वाहावयास लावलें. आणि नंतरच्या जुळाऱ्यांनीं एक वाट कायम स्वच्छ राखण्याची युक्ति सर्वांच्या हातीं दिली. जेमर्सनला यांतलें कांहींच लागलें नाहीं, कारण त्याचा रंग आणि त्याचा पाया या दोन गोष्टी कधीं वेगळ्या झाल्याच नाहींत.

पुढल्या वेळीं कोणी अशा जलशाला गेला, किंवा घरींच रेडिओवर त्याचें ध्वनिमुद्रण ऐकूं लागला, तर त्यानें क्षणभर वरचे सूर सोडून खालच्या सुराकडे कान द्यावा. वादकाच्या पायाखालची कळ दबल्याचें कळून येईल, खर्जाचा रंगहि पालटेल. त्या वेळीं ताफ्याची चाल तसूभरहि डगमगली नाहीं, तर समजावें कीं वादकाचें पाऊल बरोबर पडलें आहे.